सपाट जागा बघून रचलेल्या खुणा

गवंडीणबाईला वाकडं काही बघवत नसे. दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून गेली तरी आधी भिंतीवरची तसबीर सरळ करायची आणि मग खुर्चीवर टेकायची. दवाखान्यात डॉक्टर नाडी बघत असताना हिचा डोळा दाराच्या चौकटीवर. औषधाची चिठ्ठी हातात पडायच्या आधी त्याला सांगून मोकळी, की चौकट अर्ध्या बोटाने उजवीकडे कललीय, वर्षभरात बिजागऱ्या जातील. बिजागऱ्या गेल्या. डॉक्टरने ते कधी कबूल केलं नाही, पण हिने आधीच चौघांना सांगून ठेवलं होतं, त्यामुळे त्याच्या कबुलीवाचून काही अडलं नाही.

तिचा नवरा गवंडी होता. चाळीस वर्षं दोघांनी मिळून दगडाची कामं केली, आणि शेवटची बारा वर्षं, नवऱ्याची नजर अधू झाल्यावर, ओळंबा हिच्याच हातात होता. शाळेमागची भिंत हिची. नदीकाठचा बांध हिचा. घराच्या परसातली भिंत तर चुना नाही, सिमेंट नाही, नुसती दगडावर दगड बसवलेली, आणि तीस वर्षांत त्या भिंतीने मुंगीएवढीही जागा सोडली नव्हती. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत. वाचायचं तर अक्षराला अक्षर लावत, बोट फिरवत. पण दगड हातात घेतला की त्याची कुठली बाजू खाली जायची, हे दगडाच्या आधी तिला कळायचं. असं तीच म्हणायची. दगडांना कोणी विचारलं नव्हतं.

अशा बाईच्या घरात सून आली ती डोंगरावरच्या वाटेची राखणदार.

ही वाट गावामागून चढायची, ओढा ओलांडायची आणि वरच्या उघड्या माळावरून खिंडीत जायची. खिंडीपलीकडे दुसरं गाव. माळावर झाड नाही, झुडूप नाही. लाकडी पाट्या लावल्या तर वारा दोन महिन्यांत घेऊन जाई. म्हणून ओढा ते खिंड या चार-पाचशे पावलांत दगडांचे सात ढीग रचलेले होते, गुडघ्याएवढे. गावात त्यांना खुणा म्हणत. धुकं उतरलं की माणूस एका खुणेपासून दुसरी शोधत शोधत खिंड गाठायचा. त्या खुणा सांभाळायच्या, वाट साफ ठेवायची, कोणी अडकलं तर खाली आणायचं, हे सुनेचं काम. तीन वर्षं ती हंगामी होती. आता वरचे साहेब गुरुवारी येणार होते, तिच्याबरोबर वाट चालून बघणार होते, आणि तिला पक्कं करायचं की नाही ते ठरवणार होते.

नाही म्हणाले तर काय, तेही घरात ठरून गेलं होतं. मुलगा ट्रक चालवायचा, आठवड्यातले चार दिवस बाहेरच. त्याने शहरात एक खोली बघून ठेवली होती. सुनेचं इथलं काम सुटलं की दोघं तिकडे जाणार. तिला एका गोदामात काम मिळण्यासारखं होतं. हे त्याने आईला सांगितलं तेव्हा गवंडीणबाई भांडी घासत होती. ती म्हणाली, जा की, माझं काय अडतंय, मी काय कुणाच्या जिवावर जगतेय. आणि एकच पातेलं तिने इतका वेळ घासलं की बुडाला आरसा झाला.

सून बोलायला मंद. एक वाक्य सुरू केलं की ऐकणाऱ्याने भाजी चिरून घ्यावी. रविवारी जेवताना सासूने सहज विचारलं, की तू वर दिवसभर करतेस तरी काय. तर सुनेने अगदी समजावून सांगितलं. खुणेचा एक शिष्टाचार असतो म्हणाली. वाटेने जाणाऱ्याने खुणेवर एक दगड ठेवायचा, एकच, आणि वरती. खालच्याला हात लावायचा नाही. नवी खूण आपल्या मनाने उभी करायची नाही. आणि ओढ्याकाठी फिरायला येणारी माणसं हौसेने दगडांच्या लगोऱ्या रचून ठेवतात त्या मोडायच्या, कारण धुक्यात कोणी लगोरीला खूण समजलं तर पाण्यात जाईल. पण मोडायच्या त्याही लाथेने नाही. एकेक दगड उचलून ज्या खळगीतून काढला तिथे परत बसवायचा, ओली बाजू खाली. त्याखाली जीव राहतात.

गवंडीणबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. "चाळीस वर्षं दगड उचलले," ती म्हणाली, "पण दगडाला पाहुण्यासारखं वागवायचं असतं हे आज कळलं. उद्यापासून हातोडी मारण्याआधी त्याची ख्यालीखुशाली विचारत जाईन."

सून हसली नाही. पाणी प्यायली आणि म्हणाली, "आई, खुणा म्हणजे भिंत नव्हे."

भिंत नव्हे म्हणजे काय? दगडावर दगड ठेवला की ती भिंतच, लांबीला कमी एवढंच. गवंडीणबाईला ते वाक्य दातात अडकलेल्या तंतूसारखं रात्रभर सलत राहिलं.

सोमवारी सून तीन दिवसांसाठी मुख्य कचेरीत गेली, कागदपत्रं करायला. ती बुधवारी संध्याकाळी परतणार होती. मुलगा ट्रकवर. गवंडीणबाईने पिशवीत हातोडी, छिन्नी, ओळंबा आणि दोन वेळची भाकरी घातली आणि डोंगर चढायला लागली. कशाला, असं वाटेत चहावाल्याने विचारलं. त्याची टपरी वाट सुरू होते तिथेच होती आणि विचारणं हा त्याचा जोडधंदा होता. हिने सांगितलं, गुडघे मोकळे करायला. गुडघे ऐकत होते. त्यांनी पहिल्या चढालाच निषेध नोंदवला.

ओढ्याकाठी लगोऱ्या होत्याच, आठ-नऊ. एक तरुण जोडपं अजून एक रचत बसलं होतं. मुलीने नखाएवढा दगड श्वास रोखून सगळ्यात वर ठेवला आणि मुलगा फोटो काढायला लागला. गवंडीणबाईने कमरेवर हात ठेवून त्यांना झापलं. मनात होतं ते सुनेचंच बोलणं, की असं रचू नये. पण तोंडातून निघालं ते असं, की खाली गोल गोटा आणि वर चपटा, ही कुठली रीत, सांधामोड नाही, दोन दगडांच्या सांध्यावर तिसरा नाही, पाचर नाही, वारा आला तर उभी राहील का ही? पोरांनी विचारलं, मग कशी रचायची? आता कोणी असं विचारल्यावर गवंडीणबाई काय गप्प बसणार? अर्ध्या तासात तिने ओढ्यातले चांगले पंधरा चपटे दगड उपसले आणि कमरेएवढी लगोरी उभी करून दिली. रचू नका म्हणून सांगायला थांबलेली बाई लगोरी रचून पुढे निघाली, आणि हे तिच्या लक्षातही आलं नाही.

माळावर पोचल्यावर मात्र ती बघतच राहिली. या खुणा? पहिली उतारावर, एका अंगावर रेलून, जेवण जास्त झालेल्या माणसासारखी. दुसरीत लहान दगड खाली आणि धोंडा वर. तिसरी तर निव्वळ ढिगारा. कोणीतरी पांढराशुभ्र वाटोळा गोटा वर ठेवला होता, तोही एका बाजूला घसरलेला. पाया म्हणून कशालाच नाही, सगळ्या तिरक्या गवतावर. गुरुवारी साहेब हे बघणार. बघून म्हणणार, ही म्हणे राखणदार, आणि ही म्हणे गवंडीणबाईची सून. यातलं दुसरं वाक्य साहेब म्हणण्याचं काहीच कारण नव्हतं, ते हिला ओळखतही नव्हते. पण तिला ते स्पष्ट ऐकू आलं.

तिने पिशवी उतरवली.

पाया सपाट हवा, हे तर जन्माआधीपासून माहीत. उतारावर रचलेलं आज ना उद्या घसरतं. आणि डावीकडे, पाच-दहा पावलांवर, माळाचा कातळ उघडा पडला होता: सलग, कोरडा, आडवा, परातीसारखा. असा पाया मिळावा म्हणून नवऱ्याने एकदा आठ दिवस खणलं होतं. तिने पहिली खूण उचलली आणि कातळावर नेली. खाली मोठे, वर लहान, प्रत्येक सांध्यावर अख्खा दगड, फटीत चिपा. चिपा कमी पडल्या तेव्हा तिसऱ्या खुणेवरचा पांढरा गोटा हातोडीच्या एका घावात फोडला. त्याचे दोन तुकडे काय सुरेख बसले. दोन दिवसांत सातही खुणा झाल्या. जसजसं वर जावं तसतसा कातळ डावीकडे सरकत होता, त्याच्याबरोबर खुणाही सरकल्या. पाचवी वीस पावलं सरकली, सहावी तीस. सातवी तर कातळाच्या पार टोकाजवळ गेली, कारण तिथली जागा आरशासारखी सपाट होती. दोन्ही दिवस ऊन लख्ख. खिंड उजवीकडे समोर दिसत होती, आंधळ्यालाही चुकली नसती. पाच पावलं डावीकडे काय नि तीस काय.

मंगळवारी उतरताना तिने मागे वळून बघितलं. सात खुणा शिपायांसारख्या ताठ उभ्या होत्या. तिच्या एका बोटाचं नख काळं पडलं होतं, बोटांची टोकं सोलली होती आणि कंबर धरली होती. पण बाई खूश होती. बुधवारी रात्री सून आली तेव्हा हिच्या पोटात गोष्ट राहीना. तरी तिने एवढंच सांगितलं, की उद्या बघशील. सुनेला वाटलं, ती साहेबांबद्दलच बोलतेय.

गुरुवारी सकाळी धुकं उतरलं. या दिवसांत ते उतरायचंच.

सून साहेबांना आणि त्यांच्या कारकुनाला घेऊन सातला वर गेली. गवंडीणबाई ठेवणीतली शाल पांघरून नऊला चहाच्या टपरीवर येऊन बसली. साहेब उतरतील, म्हणतील, खुणा काय झकास आहेत, कोणी रचल्या? मग ती थोडा वेळ गप्प बसेल. मग चहावाला सांगेल. त्याला तिने दोनदा पढवून ठेवलं होतं. दहा वाजले, अकरा वाजले. चहावाला म्हणाला, काकू, दीड तासाचं काम, चार तास झाले. ती म्हणाली, बारकाईने बघत असतील.

साडेअकराला तिघं आली. कारकून एका पायावर लंगडत, सुनेच्या खांद्यावर हात टाकून. साहेब ओले, निळे पडलेले, चष्म्यावर थेंब. त्यांनी शेगडीजवळ हात धरले. मग जे बोलले ते चहावाल्याशी, कारण तो समोर होता. धुक्यात खुणेमागून खूण धरत गेलो, म्हणाले. पहिलीपासूनच ही बाई अडखळत होती, पाचवीनंतर थांबलीच. म्हणाली, पायाखाली गवत लागायला हवं, दगड लागतोय. मी म्हणालो, खुणा तर समोर आहेत, उत्तम रचलेल्या आहेत, चला. पुढे सातवीपाशी हिने हात आडवे केले आणि आम्हाला खाली बसवलं, ते दोन तास. उठू पाहणाऱ्या कारकुनाचा पाय मुरगळला. धुकं फाटलं तेव्हा दिसलं.

"सातव्या खुणेपासून दहा पावलांवर कडा होता," साहेब म्हणाले.

चहावाला गवंडीणबाईकडे बघायला लागला. ती शेगडीकडे बघायला लागली.

साहेबांनी सुनेला विचारलं, खुणा कोणी हलवल्या. सून सावकाश म्हणाली, खुणा माझ्या ताब्यात आहेत, जबाबदारी माझी. ते म्हणाले, ते कळलं, हलवल्या कोणी? सुनेने एकदा, एकदाच, सासूच्या हातांकडे बघितलं. तीन वर्षं रोज सकाळी ती परसातल्या भिंतीसमोर उभी राहून दात घासत होती. ते दगड कोणी बसवलेत हे तिला पहिल्याच खुणेला कळलं असणार. मग ती पुन्हा कारकुनाच्या पायाकडे वळली. गवंडीणबाईने सोललेली बोटं शालीखाली घेतली. चोराच्या मनात चांदणं.

आणि मग तिने तोंड उघडलं. खरं सांगायला उघडलं असं कोणाला वाटेल, पण तसं नाही. ती म्हणाली, हल्ली फिरायला येणारी माणसं काय वाट्टेल ते करतात, ओढ्याकाठी बघा, कमरेएवढी लगोरी रचून ठेवलीय.

साहेब म्हणाले, तसं असेल तर आणखीच वाईट. लोक येऊन सातच्या सात खुणा हलवून जातात आणि राखणदाराला पत्ता नाही. मग कागद काढून, ओल्या बोटांनी पेन धरून, त्यांनी शांतपणे सुनेला सांगितलं की वाईट वाटतं, पण तुला पक्कं करा असं मी लिहू शकत नाही. सून म्हणाली, बरोबर आहे. तेवढंच. तिने कारकुनाचा पाय उचलून स्टुलावर ठेवला आणि त्याचा बूट सोडायला लागली.

आता घरात कोणकोणते आवाज नसतील ते गवंडीणबाईला ऐकू आलं. सुनेचं ते संपता न संपणारं वाक्य नसेल. वर चढून आलेल्या बुटांची दारातली आपटाआपट नसेल. भिंती मात्र सगळ्या सरळ असतील.

"मी रचल्या," ती म्हणाली.

कोणी लक्ष दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती हळू बोलली होती, आणि नेमका त्याचाच उपयोग झाला नाही. मग ती नेहमीच्या आवाजात बोलली. साहेबांनी पेन थांबवलं, तिच्याकडे बघितलं आणि मायेने हसले. "आजी, सुनेवरचा जीव मी समजू शकतो," ते म्हणाले, "पण ते काम कसलेल्या माणसाचं आहे. दोन गडी तरी हवेत."

या घडीलाही, सुनेचं काम बुडत असताना, दोन गडी हे शब्द ऐकून बाईची मान इंचभर वर गेली. पडलो तरी नाक वर, ते हेच. दुसरीकडे सुनेवरचा जीव म्हटल्याचा तिला रागही आला. ती उठली. टपरीमागे पायरीसाठी आणून टाकलेला दगडांचा ढीग होता. तिने शाल चहावाल्याच्या हातात दिली आणि कोणी काही म्हणायच्या आत पाच थर उभे केले. साहेब चहा घ्यायचं विसरले. त्यांनी पायाने हलवून बघितलं. हललं नाही.

"हीच," ते म्हणाले. "पण जागा का बदललीत?"

"तिथे पाया नव्हता."

"आणि कडा?"

तिने सांगितलं, त्या दिवशी ऊन होतं. बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं की हे एवढंच मूर्खपणाचं वाक्य तिच्या तोंडून निघायचं राहिलं होतं, तेही निघालं.

साहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. ते म्हणाले, मी आज विश्रामगृहात राहतो. संध्याकाळपर्यंत खुणा जागच्या जागी लागल्या पाहिजेत. उद्या सकाळी धुक्यात चालून बघू, मग लिहायचं ते लिहीन. आणि आजी, उद्या तुम्हीही याल.

दुपारी दोघी वर गेल्या. ओढ्यापाशी सून थांबली. कमरेएवढी लगोरी तिने वरपासून खालपर्यंत बघितली. बसली आणि वरचा दगड काढून सासूच्या हातात दिला. गवंडीणबाईने पंधराही दगड एकेक करून पाण्यात नेले. कुठला कुठल्या खळगीतला हे हाताला आठवत होतं. हातांचं तेवढं तरी खरं होतं. एका खळगीत नखाएवढा खेकडा उघड्यावर बसला होता. त्याच्यावर छप्पर घालताना ती पुटपुटली, बस बाबा, झाली दुरुस्ती.

माळावर पहिल्या खुणेपाशी पोचल्यावर तिला जे विचारायचं होतं ते चारच अक्षरांचं होतं. सासू म्हणून तीन वर्षांत तिने सुनेला सांगितलं होतं, सुनावलं होतं, शिकवलं होतं. विचारलं मात्र कधी नव्हतं.

"कुठे ठेवू?"

"ठेवायचं नंतर," सून म्हणाली. "आधी उभं राहायचं. इथे या. इथून मागचा ओढ्याकाठचा मोठा दगड दिसतो का? आणि पुढे, त्या उंचवट्याच्या कडेला, दुसरीची जागा? आता एक पाऊल डावीकडे व्हा." गवंडीणबाई झाली. उंचवटा आड आला, पुढचं काही दिसेना. ती मुकाट्याने एक पाऊल परत आली. जागा तिरकी होती, गवत निसरडं होतं, पाया म्हणायला तिथे काही नव्हतं, आणि खूण राहायला हवी होती ती नेमकी तिथेच.

तिने रचायला घेतलं तर तिरक्या जमिनीवर हात चालेनात. प्रत्येक थराला ते सरळ करायला धावायचे. सून म्हणायची, राहू द्या, कलली तरी पडत नाही, वरून दगड येत राहतात. कोणाचे दगड, ते तिने काम करता करता सांगितलं. हा शिक्षकाचा, तो आठवड्यातून एकदा पलीकडे जातो. हे चपटे गुराख्यांचे. आणि पलीकडच्या गावची सुईण सुखरूप बाळंतपण करून परत येताना तिसरीवर एक दगड ठेवायची. मागच्या महिन्यात जुळी झाली, त्याचा पांढरा गोटा होता, नदीवरून उचलून आणलेला. तो सापडत नाहीये.

गवंडीणबाईने तिसऱ्या खुणेच्या मधल्या थरातून दोन पांढऱ्या चिपा ओढून काढल्या आणि सुनेसमोर धरल्या. सुनेने त्या जुळवून बघितल्या. बराच वेळ बघितल्या. मग दोन्ही शेजारी शेजारी वर ठेवल्या आणि म्हणाली, "जुळीच होती तशी." गवंडीणबाईला वाटलं, हिने ओरडावं. ओरडली असती तर उलट बोलता आलं असतं.

शुक्रवारी सकाळी धुकं असं होतं की ओढ्याचा आवाज यायचा, ओढा दिसायचा नाही. साहेब म्हणाले, राखणदाराला वाट तोंडपाठ आहे, तिला पुढे घालून खुणांची परीक्षा होणार नाही. मला वाट येत नाही, पण मी पुढे झालो तरी हिच्याकडेच बघत राहीन. पुढे आजी जातील. त्यांच्या डोक्यात चुकीची वाट पक्की बसलीय. खुणांनी त्यांना खिंडीत पोचवलं, तर खुणा बरोबर. आणि सुनेला बजावलं, की कड्याकडे वळल्या तर अडव, एरवी बोलायचं नाही. अडवावं लागलं की परीक्षा संपली.

म्हणजे सुनेची नोकरी आता सासूच्या पायांवर आली. त्या पायांचं गुडघ्यांशी जमत नव्हतं हे आपण बघितलंच आहे.

पहिली, दुसरी, तिसरी सापडली. चौथीपाशी जाऊन ती पुढे बघायला लागली तर समोर नुसता पांढरा पडदा. तीन दिवस इथे वावरलेली बाई, पण ओळखीचं काही नाही. डावीकडे पाय टेकून बघितला: कातळ. कोरडा, सपाट, भरवशाचा. उजवीकडे गवताचा तिरका उतार, ओला. सगळं अंग म्हणत होतं डावीकडे. चाळीस वर्षांचं शहाणपण म्हणत होतं डावीकडे. मागे दोघांची पावलं थांबली. सुनेचा श्वास तिला ऐकू येत होता. सुनेने तोंड उघडलं असतं तर बरं झालं असतं, आणि सुनेने तोंड उघडलं असतं तर सगळं संपलं असतं.

ती वळली आणि चौथीला जाऊन चिकटली. गुडघा दगडाला लावून उभी राहिली, काल सुनेने उभं केलं होतं तशी, आणि हलली नाही. स्वतःला काय वाटतं ते तिने वाटू दिलं आणि नुसती बघत राहिली. धुकं एकदा जाड झालं, एकदा विरळ झालं. उजवीकडे, उतारावर, जिथे कुठलाही शहाणा गवंडी वीटसुद्धा ठेवणार नाही, तिथे काहीतरी करडं दिसलं. वाकडं होतं. जेवण जास्त झालेल्या माणसासारखं रेललेलं. तिच्या स्वतःच्या हातचं, आणि तरी तिला ते बघून हायसं वाटलं. त्या उतारावर ती तीनदा घसरली, एकदा चक्क बसली. पण पाचवी हाती लागली. मग सहावी. सातवीपाशी पोचता पोचता दोन्ही बाजूंनी जमीन वर चढायला लागली, वारा तोंडावर आला, आणि खिंड आली.

साहेब एका दगडावर बसले, चष्मा पुसला आणि गुडघ्यावर कागद ठेवून लिहायला लागले. गवंडीणबाई त्यांच्या मागे उभी राहून अक्षराला अक्षर लावत होती. ते वाचून दाखवू का म्हणाले, तर नको म्हणाली. बराच वेळ लागला. शिफारस हा शब्द तिने दोनदा वाचला. मग तिने सुनेला सांगितलं, की बाई, दाराशी बूट आपटत जाऊ नकोस, उंबरा खिळखिळा झालाय. सुनेला काय कळायचं ते कळलं. ती सावकाश म्हणाली, "उंबरा तुम्ही बसवलाय आई, त्याला काय होतंय."

उतरायची वेळ झाली. साहेब म्हणाले, आजी, चला पुढे. गवंडीणबाई हलेना. धुकं अजून होतंच.

"तू हो पुढे," ती सुनेला म्हणाली. "मी तुझ्या मागे येते."

खाली पोचल्यावर अर्थात चहावाल्याला तिने सांगितलं, की साहेबांना खिंडीपर्यंत वाट दाखवायला कोणी पुढे होईना, मग शेवटी मलाच व्हावं लागलं. आठवडाभर गावात तिने हेच सांगितलं. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता, आणि सून ऐकत असली की हसू येऊ नये म्हणून ओठ चावत चुलीकडे तोंड करायची.